गिरणीच्या फाटकापासून पासवर्डपर्यंत

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी एक जुनी विद्यार्थिनी मगरिबनंतर घरी आली, सोबत तिची अम्मी. मुलगी हुशार, पदवी झालेली. एका सरकारी भरतीचा फॉर्म तिने भरला होता, फी भरली होती, अभ्यासही मन लावून केला होता. "सर, परीक्षा कधी आहे तेवढं जरा बघून द्या ना," इतकंच तिचं म्हणणं होतं. मी लॉगिन आयडी आणि पासवर्ड मागितला. तो तिच्याकडे नव्हता. फॉर्म एका दुकानातून भरून घेतलेला होता. त्यात मोबाइल नंबर दुकानदाराचा, ईमेल दुकानदाराचा, पासवर्डही त्यालाच ठाऊक. तिच्या फोनमध्ये होता फक्त पावतीचा फोटो.

दुसऱ्या दिवशी आम्ही दुकानात गेलो. त्याने जुने मेसेज उलटसुलट करून पाहिले. हॉल तिकीट आल्याचा मेसेज सापडला. परीक्षा होऊन नऊ दिवस झाले होते.

दुकानदार लबाड नव्हता. दिवसाला चाळीस-पन्नास फॉर्म भरणारा माणूस, कोणाकोणाचे मेसेज लक्षात ठेवणार? मुलगी रडली नाही, तिची अम्मी रडली. आणि मला स्वतःची लाज वाटली. पाच वर्षं मी या मुलीला उर्दू आणि मराठी शिकवलं. निबंध शिकवले, पत्रलेखन शिकवलं, 'मुख्याध्यापकांस अर्ज लिहा' हा प्रश्न दरवर्षी सोडवून घेतला. पण अर्ज आपल्या हातात कसा ठेवायचा, हे शिकवलं नाही.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात घोळतो आहे. नोकरी आणि नोकरी शोधणारा यांच्या मध्ये नेहमी कोणीतरी उभा असतो. तो कोण होता, कसा बदलत गेला, आणि इंटरनेट आल्यावर तो खरोखर बाजूला झाला का? आपल्या नागपूरच्या इतिहासात याचं उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न.

शब्दांची साक्ष

मी दोन भाषा शिकवतो, म्हणून सुरुवात शब्दांपासून. नोकरीच्या बाजारातले मराठी शब्द पाहा: अर्ज, उमेदवार, शिफारस, मुलाखत, दाखला, जाहिरात, रुजू, रोजगार. सगळे फारसी-अरबीतून आलेले. खुद्द 'नोकर' हा शब्दही फारसीतून आला. शतकानुशतकं दरबार आणि दफ्तर यांची भाषा फारसी होती, त्यामुळे पोटाची भाषाही तीच झाली. फक्त 'पगार' तेवढा पोर्तुगीजांकडून आला.

या यादीतले दोन शब्द मला महत्त्वाचे वाटतात. 'उमेदवार' म्हणजे उमेद बाळगणारा. आणि 'शिफारस' म्हणजे दुसऱ्याने आपल्यासाठी टाकलेला शब्द. नोकरी शोधण्याचा सगळा इतिहास या दोन शब्दांमधल्या ओढाताणीचा आहे. उमेद आपली असते, शिफारस दुसऱ्याची. कधी एकाचा जोर, कधी दुसऱ्याचा.

फाटकावरचा जॉबर

१ जानेवारी १८७७ या दिवशी नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. त्याच दिवशी दिल्ली दरबारात राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आलं, म्हणून गिरणीचं नाव एम्प्रेस. जुम्मा तलावाजवळच्या या गिरणीने नागपूरच्या कष्टकरी वस्त्यांना एक नवी गोष्ट दिली: महिन्याचा पगार. कोष्टी, मोमीन, महार अशा अनेक समाजांतले लोक हातमाग, शेती, गावकाम सोडून भोंग्याच्या वेळेवर चालू लागले. मोमिनपुऱ्यात आजही म्हातारी माणसं आजोबांच्या 'मिल'च्या नोकरीबद्दल अभिमानाने बोलतात.

पण गिरणीत नोकरी लागायची कशी? त्या काळात देशभरच्या कापड गिरण्यांत ही जागा जॉबरच्या हातात असे. जॉबर म्हणजे यंत्रांवर देखरेख करणारा मुकादम. माणसं तोच आणायचा, तोच कामाला लावायचा, तोच काढायचा. सकाळी फाटकाबाहेर बदली कामगारांचा घोळका उभा राहायचा आणि आज कोणाला आत घ्यायचं हे जॉबर ठरवायचा. त्याचा मोबदला म्हणजे दस्तुरी. हाही फारसी शब्दच. काम मिळवायला दस्तुरी, टिकवायला दस्तुरी, रजेवरून परत आल्यावर पुन्हा दस्तुरी. अनेकदा तोच सावकार, तोच खोलीचा मालक. नातलग, गाववाले, जातवाले यांनाच तो आणायचा, त्यामुळे एका खात्यात एकाच बिरादरीची माणसं भरलेली असत.

या पद्धतीची एक बाजू न्यायाने सांगायला हवी. खेड्यातून आलेल्या, अक्षरओळख नसलेल्या माणसाला शहरात जॉबर हाच आधार होता. पण ज्याचा कोणी जॉबर नाही त्याला फाटक बंद. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना घेतलंच जात नसे, कारण तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे आणि इतरांना तो विटाळ वाटे. चांगला पगार त्याच खात्यात होता. १९२८ च्या मोठ्या गिरणी संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न जाहीरपणे मांडला. पुढे व्हिटले यांच्या अध्यक्षतेखालच्या रॉयल कमिशनने १९३१ च्या अहवालात जॉबरच्या लाचखोरीवर बोट ठेवलं आणि कामगार भरती त्याच्या हातून काढून घ्यावी असं सुचवलं.

सरकारी कार्ड

इथून इतिहासाला एक वळण लागतं. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्यांच्याच काळात, जुलै १९४५ मध्ये, मजूर खात्याखाली पुनर्वसन आणि रोजगाराचं महासंचालनालय उभं राहिलं. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं, लाखो सैनिक घरी परतणार होते, त्यांना कामं हवी होती. त्यासाठी देशभर सेवायोजन कार्यालयांची साखळी उभारली गेली. १९४८ पासून ही कार्यालयं सर्वांसाठी खुली झाली. १९५६ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांचा रोजचा कारभार राज्यांकडे आला. त्याच महिन्यात नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी राहिलं नाही आणि द्विभाषिक मुंबई राज्यात आलं.

मग १९५९ चा कायदा झाला. सरकारी कार्यालयांनी आणि पंचवीस किंवा त्याहून जास्त माणसं कामावर असलेल्या खासगी आस्थापनांनी आपल्या रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळवायच्या. अंमल सुरू झाला १ मे १९६० पासून. म्हणजे महाराष्ट्र राज्य आणि जागा कळवण्याची ही सक्ती, दोघांचा जन्मदिवस एकच. कल्पना मोठी होती: नोकरी कुठे आहे हे जॉबरच्या कानात न राहता सरकारी रजिस्टरमध्ये यावं. शिफारशीच्या जागी यादी.

मी बी.एड. झालो तेव्हा अब्बा मला पहिल्यांदा कुठे घेऊन गेले असतील, तर या कार्यालयात. लांब रांग, लाकडी काउंटर, खाकी कार्ड. "कार्ड सांभाळ, कधीतरी कॉल येईल." अब्बांच्या पिढीचा कॉलवर विश्वास होता. ठरावीक मुदतीने नूतनीकरण करायचं, नाही केलं तर ज्येष्ठता जायची. मी कार्ड सांभाळलं, नूतनीकरण केलं. कॉल आला नाही. माझ्या वर्गातल्या बहुतेकांचा हाच अनुभव.

कारण कायद्यातच होतं. जागा कळवणं सक्तीचं होतं, तिथूनच माणूस घेणं सक्तीचं नव्हतं. नाव नोंदवणारे लाखोंनी वाढले, जागा वाढल्या नाहीत. शिवाय ज्याचं नाव यादीत वर सरकलं नाही त्याला जागा निघाल्याचा पत्ताही लागायचा नाही. १९९६ मध्ये आंध्र प्रदेशातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की केवळ सेवायोजन कार्यालयाची नावं पुरेशी नाहीत. वर्तमानपत्रं, रेडिओ, दूरदर्शन यांवरूनही जागा जाहीर करा आणि जे अर्ज करतील त्या सर्वांचा विचार करा. आज कुठल्याही भरतीची जाहिरात आपण फोनवर पाहू शकतो, त्यामागे हा विचार आहे: जागेची माहिती हा प्रत्येकाचा हक्क आहे.

जाहिरात सर्वांसाठी, बोलावणं कोणाला?

वर्तमानपत्रातली 'पाहिजेत' ही सदरं आपल्या सगळ्यांच्या आठवणीत आहेत. १९७६ मध्ये केंद्र सरकारने 'एम्प्लॉयमेंट न्यूज' हे साप्ताहिक काढलं. ते इंग्रजी, हिंदी आणि उर्दू अशा तीन भाषांत निघालं. उर्दू 'रोजगार समाचार' मी वाचनालयात वाचला आहे. एकच अंक असायचा आणि वाचणारे वीस. कोणी पान फाडून नेलं तर त्या आठवड्याच्या नोकऱ्या त्याच्या खिशात. पण उर्दू माध्यमातल्या मुलाला बँक, रेल्वे, लष्कर यांची दारं त्याच्या भाषेत दिसत होती, ही गोष्ट लहान नव्हती.

मात्र जाहिरात सर्वांना दिसली म्हणजे दार सर्वांना उघडलं, असं नाही. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात रेल्वेतला मुस्लिमांचा वाटा साडेचार टक्के आढळला, तोही जवळजवळ सगळा खालच्या पदांवर. खासगी क्षेत्राबद्दल त्याहून बोलका पुरावा पुढच्याच वर्षी आला. आपल्या अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकेतले पॉल अॅटवेल यांनी एक साधा प्रयोग केला. वर्तमानपत्रांतल्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फरक फक्त नावाचा: कुठे सवर्ण हिंदू, कुठे दलित, कुठे मुस्लिम. सवर्ण नावाच्या तुलनेत पुढचं बोलावणं येण्याची शक्यता दलित नावाला सुमारे दोन तृतीयांश निघाली, आणि मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश.

हे आकडे मी वर्गात सांगतो तेव्हा मुलं गप्प होतात. म्हणून लगेच दुसरी गोष्टही सांगतो. शक्यता कमी आहे, शून्य नाही. ज्याला एका अर्जावर बोलावणं येतं त्याच्या तुलनेत आपल्याला तीन-चार अर्ज करावे लागतील. हे अन्यायाचं आहे. त्याविरुद्ध बोललं पाहिजे आणि चौथा अर्जही केला पाहिजे. दोन्ही.

पडद्यावरचा बाजार

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुलं केलं, आधी महानगरांत. दोनच वर्षांत, १९९७ मध्ये, संजीव बिखचंदानी यांनी नोकरी डॉट कॉम सुरू केलं. त्यांना ही कल्पना कशी सुचली ते ऐकण्यासारखं आहे. ते ज्या कंपनीत काम करत होते तिथले सहकारी व्यापारविषयक मासिक आलं की मागच्या पानापासून वाचायचे, कारण नोकरीच्या जाहिराती मागे असायच्या. सुखात असलेला माणूसही जाहिरात वाचतो, हे त्यांनी हेरलं. सुरुवातीला वर्तमानपत्रांतल्याच जाहिराती टाइप करून साइटवर टाकल्या गेल्या. म्हणजे नव्या बाजाराचा पहिला माल जुन्याच बाजारातून आला.

नागपुरात आम्ही हे सगळं सायबर कॅफेत शिकलो. तासाला तीस रुपये, त्यातली दहा मिनिटं पान उघडण्यात. माझा पहिला ईमेल पत्ता मित्राने बनवून दिला. त्याचा पासवर्ड मी वहीच्या मागच्या पानावर लिहिला आणि ती वही हरवली. आज विद्यार्थ्यांना मी यासाठीच रागावतो, हे त्यांना ठाऊक नाही.

पुढचा वेग आपण पाहिला. २००३ मध्ये लिंक्डइन आलं. २०१५ च्या जुलैत केंद्राची 'नॅशनल करिअर सर्व्हिस' सुरू झाली, म्हणजे जुन्या सेवायोजन कार्यालयाचाच नवा अवतार. आपल्या राज्याच्या 'महास्वयम्' पोर्टलवर आज तीच नोंदणी घरबसल्या आणि विनामूल्य होते. लॉकडाउनमध्ये परप्रांतीय मजूर गावी परतले तेव्हा, जुलै २०२० मध्ये, राज्याने उद्योगांसाठी 'महाजॉब्ज' काढलं. दुसरीकडे एम्प्रेस मिल बंद पडली, तिच्या जागेवर मॉल उभा राहिला. त्याच शहराच्या दक्षिणेला मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आल्या. अशा कंपन्यांकडे अर्ज करायला फाटकावर कोणी जात नाही. त्यांच्या संकेतस्थळावर 'करिअर' नावाचं पान असतं. फाटक आता तेच.

पवित्र पोर्टल: एक धडा

शिक्षक म्हणून मला सगळ्यात जवळून दिसलेला बदल आमच्याच पेशातला. पूर्वी खासगी अनुदानित शाळेत शिक्षक नेमणं संस्थाचालकांच्या हातात होतं. जाहिरात एखाद्या लहान वर्तमानपत्रात यायची आणि मुलाखतीआधीच नाव ठरलेलं असायचं. मलाही एका संस्थेत मुलाखतीनंतर बाजूला नेऊन 'इमारत निधी'बद्दल विचारलं गेलं. अब्बांच्या जन्मभराच्या बचतीहून तो आकडा मोठा होता. ही दस्तुरीच, फक्त पावती नसलेली. पुढे दुसरीकडे मला विनामोबदला जागा मिळाली. तो नशिबाचा भाग होता, व्यवस्थेचा नव्हे.

ऑक्टोबर २०११ च्या पटपडताळणीत खोटी पटसंख्या उघडी पडली आणि २ मे २०१२ पासून शिक्षक भरतीवर बंदी आली. एका पिढीची उमेदीची वर्षं त्यात गेली. जून २०१७ मध्ये शासनाने 'पवित्र' पोर्टलचा निर्णय घेतला. डिसेंबर २०१७ मध्ये २०० गुणांची पहिली अभियोग्यता चाचणी झाली. दुसरी व्हायला फेब्रुवारी २०२३ उजाडलं. त्या गुणांवर २०२४ च्या फेब्रुवारीत २१,६७८ पदांची जाहिरात निघाली. त्यांत मराठी माध्यमाची १८,३७३ आणि उर्दू माध्यमाची १,८५० पदं होती. हिंदी, इंग्रजी, गुजराती, कन्नड सगळी मिळूनही उर्दूइतकी नव्हती. नंतरची चाचणी २०२५ च्या मे-जूनमध्ये झाली.

या पद्धतीने काय दिलं? जिल्हा परिषद आणि महानगरपालिकांच्या शाळांत मुलाखतीशिवाय, केवळ गुण आणि प्राधान्यक्रमावर निवड. थोरातांच्या प्रयोगात नाव पाहून अर्ज बाजूला पडत होता. इथे संगणक गुण पाहतो, नाव नाही. विणकराच्या, रिक्षावाल्याच्या, भाजीवालीच्या मुली एक पैसा न देता सरकारी शिक्षिका झाल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. शिफारशीवर उमेदीने केलेली ही मात आहे.

आणि काय राहिलं? उर्दू माध्यमातल्या काही आरक्षित प्रवर्गांच्या जागांना त्या प्रवर्गातले उर्दू शिकलेले उमेदवार मिळत नाहीत, त्या रिकाम्या राहतात आणि वर्गात शिक्षक नसतो, ही जुनी दुखरी जागा आहे. शिवाय अल्पसंख्याक संस्थांना आपले शिक्षक निवडण्याचा घटनात्मक अधिकार असल्याने त्यांच्या जागा या पोर्टलवर येत नाहीत. पुष्कळ खासगी उर्दू शाळा अशाच संस्थांच्या. म्हणजे उर्दूच्या उमेदवाराला एक डोळा पोर्टलवर आणि एक डोळा वर्तमानपत्रावर ठेवावा लागतो. आणि आपल्याच संस्था आपल्याच मुलांकडून 'निधी' मागणार असतील, तर घटनेने दिलेल्या अधिकाराचा तो कसा वापर, हा प्रश्न आपण आपल्याला विचारायला हवा.

संगणक आला म्हणून जॉबर गेला, असंही झालं नाही. तो पडद्यामागे गेला. शिक्षक पात्रता परीक्षेतल्या गैरव्यवहारात २०२१ च्या डिसेंबरमध्ये परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांना अटक झाली आणि पुढे सात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. २०२५ मध्ये आपल्याच नागपुरात बनावट शालार्थ आयडीचं प्रकरण उघडकीस आलं आणि शिक्षण खात्यातल्या अधिकाऱ्यांना अटक झाली. शालार्थची यंत्रणा तर ऑनलाइनच होती.

मग शोधायचं कसं?

इतका इतिहास सांगितल्यावर त्यातून हाती काय लागलं, ते साध्या शब्दांत सांगणं माझं काम आहे.

पहिली गोष्ट, चावी आपल्याकडे. स्वतःचा मोबाइल नंबर, स्वतःचा ईमेल, स्वतःचा पासवर्ड. फॉर्म दुकानातून भरायला हरकत नाही, पण ओटीपी आपल्या फोनवर आला पाहिजे आणि भरलेल्या अर्जाची पीडीएफ आपल्या ईमेलमध्ये असली पाहिजे. भरती पूर्ण होईपर्यंत तो नंबर बदलू नका. घरात मुलीला स्वतंत्र नंबर देत नसाल तर निदान भरतीपुरता वडिलांचा किंवा भावाचा नंबर द्या, दुकानदाराचा नको.

दुसरी, मूळ जाहिरात वाचा. व्हॉट्सअॅपवर फिरणारी चार ओळींची बातमी म्हणजे जाहिरात नव्हे. मूळ पीडीएफमध्ये वयोमर्यादा, पात्रता, माध्यमाची अट, कागदपत्रं कोणत्या तारखेपर्यंतची चालतील, हे सगळं असतं. शासन निर्णयाच्या नावाने काही आलं तर शेवटच्या पानावरचा संकेतांक पाहा आणि तो राज्य शासनाच्या संकेतस्थळावर टाकून तपासा. खोटा कागद तिथे सापडत नाही. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्याचा शेवट पाहायची सवय लावा. साधारणपणे तो 'गव्ह डॉट इन' किंवा 'निक डॉट इन' असतो. त्याला जोडून भलतंच काही असेल तर दूर राहा.

तिसरी, आपलं नाव. हा खास आपला रोग आहे. दहावीच्या प्रमाणपत्रावर 'मोहम्मद', आधारवर 'मोहम्मद'चं संक्षिप्त 'एमडी', पॅनवर 'मोहद', आणि शाळेच्या दाखल्यावर आडनावच नाही. उर्दूत आपण एकच नाव लिहितो, पण इंग्रजीत त्याची तीन रूपं होतात आणि कागदपत्रं तपासताना तीन माणसं दिसतात. दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव प्रमाण धरा आणि बाकीचे कागद त्याप्रमाणे आजच दुरुस्त करून घ्या. जाहिरात निघाल्यावर वेळ मिळत नाही. मुलाचं नाव शाळेत घालताना लिहिलेलं स्पेलिंग वीस वर्षांनी त्याच्या नोकरीच्या आड येतं, हे आईवडिलांनीही लक्षात घ्यावं.

चौथी, प्रवर्गाचा दाखला. मोमीन-अन्सारी आणि इतर अनेक मुस्लिम समाज राज्याच्या इतर मागासवर्गाच्या यादीत आहेत. तरीही कितीतरी मुलं खुल्या प्रवर्गातून अर्ज करतात, कारण घरात कोणी दाखला काढलाच नाही. जातीचा दाखला आणि मुदतीतलं नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र आधी तयार ठेवा.

पाचवी, खासगी नोकरीसाठी एकच बायोडाटा शंभर ठिकाणी पाठवू नका. जाहिरातीत जे काम सांगितलंय ते आपण कुठे, किती काळ केलं, हे वरच्या पाच ओळींत दिसलं पाहिजे. नोकरीच्या साइटवर 'नागपूर', 'बुटीबोरी', 'हिंगणा' असं ठिकाण टाकून अलर्ट लावा आणि जागा दिसली की त्या कंपनीच्या स्वतःच्या पानावर जाऊन खात्री करा. उर्दू, मराठी, हिंदी तिन्ही येतात, हे लिहायला लाजू नका. तीन भाषांत ग्राहकाशी बोलणारा माणूस बँकेला, विमा कंपनीला, दवाखान्याला हवा असतो.

सहावी, आणि सगळ्यात जुनी: दस्तुरी देऊ नका. परीक्षा शुल्क वेगळं. ते जाहिरातीत छापलेलं असतं आणि त्याची पावती मिळते. २०२३ च्या तलाठी भरतीत ते खुल्या प्रवर्गाला १,००० आणि राखीवला ९०० रुपये होतं आणि दहा लाखांहून अधिक अर्ज आले होते. पण 'नोंदणी', 'प्रशिक्षण', 'लॅपटॉप डिपॉझिट', 'ऑफर लेटरची फी' म्हणून कोणी पैसे मागितले, टेलिग्रामवर व्हिडिओ लाइक करण्याचे पैसे देऊ केले, तर तो आजचा जॉबर आहे. फसवणूक झालीच तर लाजून बसू नका. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा. जितक्या लवकर कराल तितके पैसे वाचण्याची आशा जास्त. आखातात जाणाऱ्यांनी एजंट नोंदणीकृत आहे का, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या 'ई-मायग्रेट' पोर्टलवर पाहावं. कायद्याने एजंटला ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं. त्याहून जास्त मागणारा कायदा मोडतो आहे.

शेवटी

जॉबरचं बळ कशात होतं? फाटकाच्या आत कुठे जागा आहे हे त्याला ठाऊक होतं आणि बाहेर उभ्या असलेल्याला नव्हतं. आज ती माहिती प्रत्येकाच्या खिशातल्या फोनवर आहे, पण ती वाचावी लागते. तीही सरकारी मराठीत किंवा इंग्रजीत. 'विहित नमुन्यात', 'अर्हता धारण करणारा', 'अन्वये', 'समांतर आरक्षण' हे शब्द उर्दू माध्यमाच्या मुलाला कोणी समजावले नाहीत, तर तो वाचण्यासाठी दुकानात जातो, आणि आपल्या उमेदीची चावी दुसऱ्याकडे देऊन येतो. मराठी हा विषय आमच्या शाळांत पास होण्यापुरता शिकवला जातो, त्याची किंमत ही अशी मोजावी लागते.

म्हणून गेली दोन वर्षं माझ्या दहावीच्या वर्गात शनिवारचा मराठीचा तास वेगळा असतो. त्या आठवड्यात निघालेली एक खरी जाहिरात मी छापून आणतो. मुलं ती मोठ्याने वाचतात, अडलेल्या शब्दाखाली रेघ मारतात, उर्दूत अर्थ लिहितात. शेवटी प्रत्येकाने तीन गोष्टी सांगायच्या: शेवटची तारीख कोणती, पात्रता काय, आणि मी यात बसतो का. पहिल्या दिवशी बत्तीस मुलांपैकी चौघांनी बरोबर सांगितलं. आता चुकणारे चार असतात.

ती विद्यार्थिनी अधूनमधून त्या तासाला येते आणि मुलांना स्वतःची गोष्ट सांगते, हसत सांगते. नंतर तिने दोन अर्ज केले, दोन्ही स्वतःच्या फोनवरून. एकाचा निकाल विरुद्ध गेला, दुसऱ्याचा यायचा आहे. परवा मी विचारलं, पासवर्ड कुठे लिहून ठेवलास? म्हणाली, "सर, लक्षात आहे. आणि तुम्हालाही सांगणार नाही."